कूलंट दर महिन्याला कमी होतंय, पण गाडीखाली थेंब नाही. गळती कशी शोधू?

इंजिन पूर्ण गार असताना प्रेशर टेस्ट करून घ्या, बहुतेक गळत्या त्यातच सापडतात. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर छापलेल्या आकड्याइतका (बऱ्याच कारवर 1.1 बार) दाब भरायचा आणि 15 मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा बघायचा. उतरला की कुठेतरी गळतंय. थेंब दिसत नाही कारण तापलेल्या इंजिनावर कूलंटमधलं पाणी जागीच उडून जातं. मागे हिरवट किंवा गुलाबी खपली राहते. गॅरेजात आम्ही आधी तीच शोधतो: होजच्या क्लिपांपाशी, वॉटर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाजवळ. आणि हो, पुढच्या सीटच्या पायाशी मॅटिंग उचलून बघा. चिकट ओल आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर (गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गेला. (नुसतं स्वच्छ पाणी बहुधा एसीचं.) काटा उतरतोय, पण बाहेर कुठेच ओल नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. मात्र काटा हलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका: काही फटी इंजिन तापल्यावरच उघडतात, आणि झाकण या टेस्टमध्ये तपासलंच जात नाही, ते वेगळं तपासावं लागतं.