ट्यूब प्रीॲम्प घ्यायचा, पण कोणत्या पैशातून?

मिरजेच्या एका वाचकाने पत्र पाठवलं आहे. वय ३१, भाड्याच्या दोन खोल्यांत छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. भजनी मंडळं, भावगीतं, पुस्तकांची वाचनं, अधूनमधून एखादी जाहिरात. दर ताशी ६०० रुपये, महिन्याला सरासरी ६३ तासांचं काम, म्हणजे हाती ३८,००० च्या आसपास. भाडं ८,०००, वीज आणि इंटरनेट ३,०००, घरखर्च २०,०००. उरतात ७,०००. मुदत ठेव १,१०,००० ची. त्यांना १,३५,००० रुपयांचा ट्यूब मायक्रोफोन प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण आवाज काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबने वाढवणारं यंत्र, घ्यायचा आहे. विक्रेता हप्त्यांवर द्यायला तयार आहे, वर ‘टॅक्समध्ये सगळं वसूल होतं’ असंही सांगतो. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: गेल्या तीन महिन्यांत वाचनाची दोन कामं ‘मागे रस्त्याचा आवाज येतो’ म्हणून परत आली आणि ती पुन्हा फुकट करून द्यावी लागली.

माझ्या मते त्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. पण आधी प्रीॲम्पबद्दल.

तुमची ओढ मला कळते. चांगल्या ट्यूब प्रीॲम्पमध्ये आवाजात जी भर पडते, ती बहुतेक दुसऱ्या सहस्वराची असते. सहस्वर म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर; त्यातला दुसरा हा गायलेल्या स्वराचाच वरच्या सप्तकातला जोडीदार. म्हणून ती कानाला खुपत नाही, आवाज भरीव लागतो. भावगीत गाणाऱ्या पातळ आवाजाला याचा खरंच फायदा होतो. पण तुमच्या गावच्या तंबोऱ्याचंच उदाहरण घ्या. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तोही सहस्वरच. जे वाद्य मुळातच सहस्वरांनी भरलेलं आहे, त्यावर आणखी रंग चढवायचा का, हे तुमचा कान माझ्यापेक्षा चांगलं ठरवेल. शिवाय तंबोरा हळू आवाजाचा. त्यासाठी गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, वाढवला की प्रीॲम्प कितीही भारी असो, खोलीतला पंखा आणि खालची रिक्षा तितकीच वर येते.

आता हिशेब. १,३५,००० रुपये १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ६,४८० च्या आसपास बसतो आणि व्याज म्हणून २०,५०० हून जास्त जातात. तुमच्याकडे उरतात ७,०००. म्हणजे पुढचे चोवीस महिने तुमच्या आणि अडचणीच्या मध्ये महिन्याला ५०० रुपये उभे असतील. गणपती-नवरात्रात काम भरपूर असतं, पण पितृपंधरवड्यात तुमची खोली रिकामी असते, हे तुम्हीच लिहिलं आहे. हप्ता पितृपंधरवडा पाळत नाही.

दुसऱ्या बाजूनेही पाहू. प्रीॲम्प आल्यावर दर ६०० वरून ६५० केला आणि एकही गिऱ्हाईक तुटलं नाही असं धरलं, तरी महिन्याला ३,१५० वाढतात. नुसती मुद्दल फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. दर तोच ठेवला, तर २२५ तासांचं नवं काम आणावं लागेल, आणि तेही केवळ या यंत्रामुळे आलेलं. भजनी मंडळाचे बुवा प्रीॲम्प कोणता हे विचारून तारीख ठरवतात का? तुम्ही मला तसं एकही उदाहरण दिलेलं नाही.

टॅक्सचं म्हणणं तर सोडूनच द्या. तुमची वर्षाची एकूण जमा साडेचार लाखांच्या आसपास आहे. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर तुम्हाला आयकर लागतच नाही, मग वाचणार काय? कर लागत असता तरी अशा यंत्रावर साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पहिल्याच वर्षी पूर्ण किंमत नाही. जीएसटीची नोंदणी तुम्ही केलेली नाही आणि २० लाखांच्या आत असल्याने करायची गरजही नाही. त्यामुळे किमतीतले १८ टक्के, म्हणजे २०,६०० च्या आसपास, तुमच्या खिशातूनच जातील. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळणार नाही.

आणखी एक खर्च जाहिरातीत नसतो. ट्यूब झिजते, कधी नुसत्या धक्क्यानेही आवाज करायला लागते आणि बदलावी लागते. आत दोनशे-तीनशे व्होल्ट खेळत असतात, म्हणून दुरुस्ती घरच्या घरी करू नये. यंत्र बाहेरगावी पाठवलं की ते दिवस जुन्या सामानावर काढायचे. विजेचा दाब खालीवर होत असेल, तर स्टॅबिलायझरचेही पैसे धरा. दहा-पंधरा हजारांच्या ‘ट्यूब’ प्रीॲम्पचाही मोह नको. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत १२एएक्स७ ही ट्यूब असते, पण ती फार कमी व्होल्टवर चालवलेली असते. तुम्हाला जो आवाज हवा आहे, तो तिथे मिळणार नाही.

आता त्या परत आलेल्या कामांकडे येऊ. दोन्ही मिळून तुमचे ३० तास गेले, म्हणजे १८,००० रुपये, एका तिमाहीत. ही गळती नक्की माहीत असलेली आहे, अंदाजाची नाही. ऑडिओबुकसाठी एसीएक्ससारख्या मंचाची अट असते की शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या वर जाऊ नये. ती अट प्रीॲम्प पाळून देत नाही, खोली देते. भिंतीला फोम चिकटवूनही रस्ता थांबत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात: जड दार, चौकटीला रबराची पट्टी, रस्त्याकडच्या खिडकीला आतून जाड काचेची दुसरी खिडकी. तुमच्या ओळखीच्या सुताराकडून २५,००० च्या आत हे करून घ्या. ठरलेल्या रकमेच्या वर जाऊ नका. घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कारण खोली त्यांची आहे.

हे २५,००० मुदत ठेवीतून काढा. तुमच्यासारख्या चढउताराच्या कमाईला सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे १,८६,०००, बाजूला हवाच असा माझा आग्रह असतो. तुमच्याकडे साडेतीन महिन्यांचाच आहे, आणि तरीही मी तो मोडायला सांगतो आहे. कारण दर तिमाहीला १८,००० गळत राहिले, तर ती ठेव कधीच वाढणार नाही. उरणाऱ्या ७,००० तून हा खड्डा चार महिन्यांत भरतो. त्यानंतर ५,००० अडचणीच्या ठेवीत आणि २,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. त्या दुसऱ्या खात्याला ‘प्रीॲम्प’ असंच नाव द्या. वेळ लागेल, पण सणांच्या महिन्यांत जास्तीचं जे येईल, तेही तिथेच टाकता येईल.

तोवर एक करा. पुण्या-मुंबईच्या एखाद्या ओळखीच्या स्टुडिओकडून असा प्रीॲम्प दोन दिवस भाड्याने आणा. एकच गायक, एकच माइक, एकच ठिकाण, एकदा तुमच्या इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि एकदा ट्यूबमधून. दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो. मग पैसे देणाऱ्या तीन गिऱ्हाइकांना, कोणता कोणता हे न सांगता, ऐकवा आणि विचारा: यासाठी ताशी ५० रुपये जास्त द्याल का? तिघांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा. तिघेही ‘हो’ म्हणाले, तर वरचा सगळा हिशेब मी नव्याने मांडेन.