पूरग्रस्तांच्या छावणीत फुटबॉल सुरू करतोयस? मग आधी एवढंच बघ

भावा, शिरोळकडच्या छावणीत पोरांचा क्लब काढायचं तुझ्या मनात आलं, लई बरं वाटलं. जर्सी, चषक, क्लबचं नाव आत्ता बाजूला ठेव. आधी वेळ ठरव. साडेचार म्हणजे साडेचार, चारच पोरं आली तरी बॉल बाहेर काढायचा. घर पाण्यात गेलेल्या पोराला दिवसातली एक तरी गोष्ट ठरल्या वेळी झालेली लागते.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं:

- गाववार टीम पाडतो. कोल्हापुरातल्या पेठापेठांची फुटबॉलची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर ठीक आहे, छावणीत नको. रोज टीम बदल.
- मुलींना 'नंतर बघू' म्हणतो. ते नंतर कधी येत नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या आयांशी बोलून मुलींचीही वेळ ठरव.
- मैदान तपासत नाही. पुराच्या चिखलात काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे असतात. सगळ्यांनी एका रांगेत चालत वेचून काढा. पायाला जखम असेल त्याला साचलेल्या पाण्यात उतरवू नकोस, लेप्टोचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

दहा-बारा वर्षांच्या पोरांना ४ नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या बॉलपेक्षा थोडा लहान, बॉल घे.

आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलंडचे हजारो निर्वासित राहिले, बहुतेक बायका-पोरं. शाळा, स्काउटची पथकं त्यांची तीच चालवायची. तूही छावणीतलीच एखादी ताई नाहीतर दादा हाताशी धर. शिट्टी आणि हजेरीची वही पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडं दे. स्पर्धा, पंच वगैरे पुढं बघू.