कर्करोग कळला, तरी उपचार का नाहीत?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 66 आहे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणी) 6.8 आल्याने बायोप्सी केली. बारापैकी दोन तुकड्यांत प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा) कर्करोग आढळला, ग्लीसन गुणांक (कर्करोग किती आक्रमक दिसतो याचा गुण) 3+3 म्हणजे 6 आहे. मूत्ररोगतज्ज्ञ तूर्त शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन न करता लक्ष ठेवू म्हणतात. कर्करोग आहे हे ठाऊक असताना स्वस्थ बसणे घरात कोणालाच पटत नाही. काय करावे?

उत्तर : दहापैकी सहा म्हटल्यावर धसका बसणे स्वाभाविक आहे, पण आजकाल बायोप्सीत कर्करोगाला मिळणारा हा सर्वांत कमी गुण आहे. पीएसए 10 च्या आत असून गाठ ग्रंथीपुरतीच मर्यादित असेल, तर हा रोग कमी जोखमीचा ठरतो आणि तो सहसा वर्षानुवर्षे संथ राहतो. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत 1,643 पुरुषांची निरीक्षण, शस्त्रक्रिया व रेडिएशन अशा तीन गटांत विभागणी केली होती. सुमारे 15 वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण निरीक्षणाच्या गटात 9.4 टक्के, तर इतर दोन्हींत सुमारे 5 टक्के होते, हेही सांगितले पाहिजे. त्या चाचणीत थोडे अधिक जोखमीचे रुग्णही होते आणि भिस्त मुख्यतः पीएसएवर होती. आता एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी यांची जोड असते. दुसऱ्या पारड्यात लघवीवरचा ताबा सुटणे, लैंगिक दुर्बलता आणि रेडिएशननंतर शौचाच्या तक्रारी हे उपचारांचे संभाव्य परिणाम आहेत.

तेव्हा एमआरआय झाला नसेल तर तो आधी करून घ्यावा आणि पीएसए साधारण सहा महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावा. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने हा आकडा फुगतो, तर प्रोस्टेटच्या वाढीवर दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडसारख्या गोळ्यांनी तो जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे चालू औषधे डॉक्टरांना न चुकता सांगावीत. पुढच्या बायोप्सीत गुणांक चढला, तर मग उपचारांना विलंब नको. तपासण्या चुकवणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊच नये.

नात्यात कोणी या रोगाने कमी वयात दगावले असेल किंवा कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए 2 जनुकातील दोष आढळला असेल, तर ते मूत्ररोगतज्ज्ञांच्या कानावर घाला, कारण मग त्यांचा सल्ला बदलू शकतो.