कागलच्या हद्दीवर (महाराष्ट्र-कर्नाटक सीमा) आरटीओच्या तपासणी नाक्यावर पहिली ड्युटी लागली आहे, तर हे वाच

भावा, ड्युटीवर चढताना खिशातली रोकड मोजून नोंदवहीत लिही. बाराशे असतील तर बाराशे. हे टाळलंस तर कुणी आरोप केला की तुझ्याकडे उत्तर उरत नाही.

खरी कसोटी गाड्यांच्या वजनकाट्यावर. आधी रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय का बघ. मग गाडीची सगळी चाकं काट्यावर आणि गाडी पूर्ण थांबलेली हवी. एक चाक कडेवर राहिलं तरी आकडा चुकतो. नोंदणी प्रमाणपत्रातलं एकूण वजन त्याच्याशी ताडून बघ. १८.५ टनांच्या गाडीत २१.५ टन भरले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंडाचे २०,००० रुपये आणि जादा ३ टनांचे ६,०००, असे २६,००० होतात. आकडा चालकाला दाखव, पावती दे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. इथेच 'साहेब, मिटवून टाका' सुरू होतं, तेव्हा बोलणं केबिनमध्ये नको, कॅमेऱ्यासमोरच कर.

डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं वैध आहेत. मूळ प्रत नाही म्हणून गाडी अडवू नकोस, हा निव्वळ छळ आहे.

कन्नड, तमिळ चालक बिचारे भाषेमुळे घाबरतात. 'अहो-जाहो' कर, आवाज चढवू नकोस, दंडाचा आकडा कागदावर लिहून दाखव. पाहुण्याची, म्हणजे आपल्या नात्यातल्या कुणाची गाडी आली तर तपासणी सहकाऱ्याकडे दे.