शीतकाची गळती शोधताना

तुमच्या शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनातले शीतक (इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट) कमी होत आहे, म्हणून लगेच इंजिन उघडायला घेऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच शीतक-टाकीची टोपी काढा, पातळीची नोंद ठेवा आणि इंजिनाखाली पांढरा कागद अंथरून रात्रभर तसाच राहू द्या. कागदावर रंगीत, बुळबुळीत डाग पडला तर ते बहुधा शीतक असते. पांढरे मिठाचे चट्टे उमटले तर गळती समुद्राच्या पाण्याची आहे. चव घेऊन मात्र कधीही पाहू नका, कारण शीतकातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते.

होसचे क्लॅम्प, पंपाखालचे निचरा-छिद्र आणि पाणी तापवण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या नळ्या (यांच्याकडे नवख्यांचे हमखास दुर्लक्ष होते) तपासून, दाब-चाचणीचा हातपंप लावून टोपीवर लिहिलेल्या मर्यादेपर्यंतच दाब द्या. बाहेर थेंबही न दिसता दाब उतरत असेल, तर माझा पहिला संशय हीट एक्सचेंजरवर (समुद्राच्या पाण्याने शीतक गार करणाऱ्या भागावर) जातो. आतली नळी कुरतडली गेली की शीतक समुद्राच्या पाण्यात मिसळून धुराड्यावाटे निघून जाते आणि बिल्ज (बोटीचा तळ, जिथे गळलेले पाणी साचते) कोरडाच राहतो. तेल दुधाळ झाले असेल किंवा चालू इंजिनाच्या शीतक-टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सीलपट्टी) तपासून होईपर्यंत इंजिन चालवू नका.