शेवट कळला नाही हो!

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की अलीकडे कोणता पिक्चर बघितलात आणि कसा वाटला, बस एवढंच, तर टपालात आणि मेलवर जे काही येऊन पडलंय त्यातलं निम्मं एकाच ठिकाणी अडकलंय, शेवट. कुणाला कळला नाही, कुणाला पटला नाही, कुणाला शेजारणीने जिन्यातच सांगून टाकला. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतोय, बाकीची पुढच्या अंकात. आणि आधीच सांगून ठेवतो, खाली तीन-चार पिक्चरचे शेवट सरळसरळ फुटलेत, ज्यांचे बघायचे राहिलेत त्यांनी पान उलटा, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

प्रश्न : मुलाने फार आग्रह केला म्हणून 'कोर्ट' बघितला, घरी, टीव्हीवर. दोन तास बसलो की आता निकाल लागेल, आता लागेल, आणि शेवटी काय तर जजसाहेब सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात आणि ओरडून उठवलं म्हणून एका पोराला थोबाडीत देतात. खलास. अहो पण तो आरोपी शाहीर नारायण कांबळे सुटला की नाही? मी बँकेत 34 वर्षं काढली, एखादी फाईल अशी अर्धवट ठेवली असती तर मेमो हातात पडला असता.
— रिटायर्ड बँकवाले, सांगली

उत्तर : काका, तुम्ही घरी बघितलात म्हणून निदान पूर्ण तरी बघितलात. मी 2015 ला थिएटरात बघितला तेव्हाची गंमत सांगतो. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, सगळे निघून जातात, शिपाई एकेक दिवा बंद करतो आणि पडदा काळा, अगदी काळा, बराच वेळ. आमचं पब्लिक उठलं. चपला शोधणं सुरू, मागच्या रांगेतल्या एकाने "पार्किंगमधून आधी गाडी काढू" असं मोठ्याने सांगितलंसुद्धा, आणि तेवढ्यात पडद्यावर सहलीची बस. अर्ध्या लोकांनी शेवटची ती पाच-सात मिनिटं पॅसेजमध्ये उभं राहून, हातात पॉपकॉर्नचा रिकामा डबा धरून बघितली आणि तुमच्यासारखंच विचारत बाहेर पडले की हे काय होतं.

आता माझं म्हणणं असं की तो शेवट केसचा नाहीच, तो जजचा आहे. आठवून बघा, मध्ये एक बाई येते, तिचं प्रकरण पुकारलं जातं आणि जजसाहेब ते ऐकूनच घेत नाहीत कारण तिने बिनबाह्यांचा ड्रेस घातलाय, पुढची तारीख. दोन मिनिटांचा सीन, आपण हसतो आणि विसरतो. मग सहलीत हाच माणूस कुणाच्या तरी लेकराबद्दल अंकशास्त्र आणि अंगठीतल्या खड्याचा सल्ला देतो. एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने तुमचं गाणं ऐकून आत्महत्या केली असा आरोप ज्या शाहिरावर आहे, त्याचा जामीन या माणसाच्या हातात आहे. एवढं कळल्यावर निकालाचा कागद वाचून दाखवायची गरज मला तरी वाटत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा हा पहिलाच पिक्चर, 2014 ला व्हेनिसला दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, भारताकडून ऑस्करलाही हाच गेला. आणि नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे खरोखरीचे चळवळीतले कार्यकर्ते, 2021 ला कोरोनात गेले. परत बघाल तर त्या सरकारी वकीलबाई घरी येऊन स्वयंपाकाला लागतात ना, तिथे जरा थांबा. मला तर गीतांजली कुलकर्णींचं ते काम सगळ्यात आवडतं, कोर्टात त्यांचा राग येतो आणि घरी आल्यावर येत नाही, हे कसं जमवलंय कोण जाणे.

प्रश्न : 'सैराट' आला तेव्हा मी तिसरीत होते, घरच्यांनी नेलं नव्हतं. आता हॉस्टेलवर मैत्रिणींबरोबर लॅपटॉपवर बघितला, झिंगाटला सगळ्या बेडवर उभ्या राहून नाचलो आणि शेवटी आवाजच गेला. मला वाटलं स्पीकर बिघडला, मी खरंच वायर हलवून बघितली. मग वर बघितलं तर ते बाळ. दोन दिवस जेवण गेलं नाही. एवढं छान चाललेलं असताना असा शेवट करायची काय गरज होती? दुसरी मैत्रीण म्हणते हिंदीतला शेवट बरा आहे, खरंय का?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तू वायर हलवलीस हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो बघ. 2016 च्या एप्रिलमध्ये मी बघितला तेव्हा थिएटरात शिट्ट्या, पैसे उडवणं, पडद्यापुढे जाऊन नाच, सगळं सगळं झालं होतं आणि त्याच थिएटरात शेवटी पंख्यांची घरघर ऐकू येत होती. तो आवाज मुद्दाम काढलाय. ते लेकरू शेजारणीकडून परत येतं, दारात रक्तात पडलेल्या आई-बापाला बघतं, रडतं आणि आपल्याला ते रडणं ऐकू येत नाही, फक्त ओली पावलं उमटवत बाहेर जाताना दिसतं. अजय-अतुलनी ज्या पिक्चरसाठी अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला त्याच पिक्चरच्या शेवटी एक सूर नाही, ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

गरज काय होती विचारतेस, तर मला वाटतं शेवट केव्हाच सांगून झाला होता, आपण नाचत होतो म्हणून लक्ष गेलं नाही. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानाखाली मारतो तो सीन आठव. त्या पोराला कुणी काहीही करत नाही, उलट घरात त्याचं कौतुक होतं. त्या क्षणी ठरलं. नंतर हैदराबाद, झोपडपट्टी, डोसा, नोकरी, स्कूटर, नवीन घर हे सगळं आपल्याला फसवायला नाही, त्यांनी किती कष्टाने काय उभं केलं होतं ते मोजून दाखवायला आहे. आणि मारेकरी कसे येतात बघ, आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन, चहा पिऊन. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाणी मग चहा, तेवढंच आर्ची करते.

हिंदीतल्या 'धडक'मध्ये नायिका वाचते, नवरा आणि बाळ वरून खाली पडतात, तिच्या डोळ्यांदेखत. धक्का आहे, नाही असं नाही, पण तिथे आपण तिच्याकडे बघून रडतो आणि मोकळे होतो. सैराटमध्ये रडायला समोर कुणी शिल्लकच ठेवलेलं नाही, फक्त ते एवढंसं पोर. मैत्रिणीला सांग, बरा वाटतो तोच शेवट बरा असतो असं काही नाही. आणि जेव.

प्रश्न : 'वाळवी' मी इंटरव्हललाच ओळखला होता. बायको साक्षीदार आहे.
— नाशिक

उत्तर : वहिनींना फोन नंबर कळवायला सांगा, त्यांच्याशीच बोलेन. 2023 च्या जानेवारीपासून मला असे अकरा जण भेटलेत आणि प्रत्येकाने ओळखलेला शेवट वेगळा होता, एकाचा तर दिग्दर्शक परेश मोकाशींच्या शेवटापेक्षा भारी होता.

प्रश्न : आमच्या भिशी ग्रुपने 'बाईपण भारी देवा' परत बघितला, आधी 2023 ला नऊवारी नेसून थिएटरला गेलो होतो, या वेळी एकीच्या हॉलमध्ये. माझा इंजिनियर मुलगा म्हणतो, "आई, ह्यात काय, पहिल्या दहा मिनिटांत कळतं शेवटी त्या मंगळागौर खेळणार." कळलं तर कळलं, त्यात काय बिघडलं? त्याला नीट उत्तर देता आलं नाही म्हणून लिहितेय.
— डोंबिवली

उत्तर : ताई, त्याला विचारा, लग्नाला जातोस तेव्हा शेवटी अक्षता पडणार हे माहीत नसतं का? तरी जेवून येतोसच ना. सहा बहिणी एकमेकींशी धड बोलत नाहीत आणि मंगळागौरीत तर एकमेकींचे हात धरल्याशिवाय फुगडी होत नाही, झिम्मा होत नाही, हा सगळा पिक्चर आहे. खेळणार का हा प्रश्नच नाही, कुणाचा हात कोण धरणार हा आहे. मला स्वतःला उत्तरार्धात रडारड जरा जास्त वाटली, आमच्या घरी हे बोललो तर त्या दिवशी चहा मिळाला नाही, म्हणून इथे लिहितोय. पण वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी एका फ्रेममध्ये असल्या की मी काहीही बघू शकतो.

प्रश्न : आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात घडणारा 'स्थळ' बघायला शहरात गेलो. थिएटरवाल्यांनी इंटरव्हल एका वाक्याच्या मधोमध टाकला, आणि शेवटी नावं यायच्या आधी लाईट लावून झाडूवाले आत. आम्ही सात जण होतो, सातही जण बघतच राहिलो. शेवट नक्की काय झाला ह्यावर परत येताना गाडीत भांडण. तुम्ही सांगा.
— शिक्षक, वरोरा तालुका

उत्तर : सर, शेवट सांगत नाही, हा नवा आहे, 2025 च्या मार्चमधला, लोकांचा बघायचा राहिलाय. पण भांडण मिटवायला एक सुचवतो, सुरुवात परत बघा. पहिल्याच सीनमध्ये मुलगा बसलाय आणि समोर बायका, त्या त्याला प्रश्न विचारतायत, उंची किती, रंग कसा, आपण हसतो. मग लग्नाची मुलगी सविता. तेच प्रश्न, तोच पोह्यांचा ट्रे, नाव सांग, शिक्षण किती, उंची, आवड काय, परत दुसरे पाहुणे, परत तेच. जयंत सोमलकरांनी हे इतक्या वेळा तसंच्या तसं दाखवलंय की माझ्या शेजारचा माणूस तिसऱ्या वेळेला तिच्या आधी उत्तर पुटपुटायला लागला. आणि कॉलेजात ती शिकते काय तर महिला सक्षमीकरणाचा धडा! बाप कापसाला भाव नाही म्हणून अडलेला, त्यात हुंडा. हे सगळं डोक्यात घेऊन शेवटाकडे या, सातपैकी पाच जणांचं तरी एकमत होईल, उरलेले दोघे उपवर मुलाचे बाप असतील.

बोलीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, मला तर तीच फार आवडली. गावातलीच माणसं घेतलीत, नटांनी शिकून बोललेली विदर्भाची भाषा आपण खूप ऐकली, ही तशी नाही. इंटरव्हलचं म्हणाल तर तो दुखरा दात आहे, दिग्दर्शकाने ठेवला नसला तरी समोसे विकायचे म्हणून थिएटरवाला कापतोच, आणि छोट्या मराठी पिक्चरला विचारतो कोण.

प्रश्न : 'फँड्री' बारा वर्षांच्या मुलाला दाखवू का? शेवटी तो दगड अंगावर येतो ते बघून घाबरेल का?
— पुणे

उत्तर : दाखवा, बरोबर बसा. घाबरणार तुम्ही, तो नाही. पिक्चरमधला पोरगा जब्या डुकरामागे धावतोय, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे ताठ उभे आणि डुक्कर निवांत समोरून जातं, तिथे तुमचा मुलगा हसेल, हसू द्या. नंतर बांबूला उलटं टांगलेलं डुक्कर घेऊन जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेत, तिथे तो काही विचारेल. उत्तर तयार ठेवा. ते दिलंत की दगड कुणाला मारला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मी तंबू टॉकीजला ऑपरेटर होतो, जत्रांमधून फिरायचो, आता वय 78. तुमचं सदर नात वाचून दाखवते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पब्लिक बसायचं, मागच्यांना सगळं उलटं दिसायचं, नट डावखुरे. आता कबुली देतो. तिसऱ्या खेळाला उशीर झाला की मालक खूण करायचा आणि मी एक रीळ गाळायचो. वीस मिनिटं वाचायची. हे पाप आहे का?
— सातारा जिल्हा

उत्तर : आजोबा, कोणतं रीळ गाळायचात ते लिहिलं नव्हतं म्हणून नातीला मुद्दाम फोन केला. तुम्ही मागून ओरडून सांगितलंत ते सगळं ऐकू आलं, "शेवटचं गाळलं तर लोकं तंबू फाडतील की! मधलं. मधलं गेलेलं कुण्णाला कळायचं नाही, फक्त जाताना म्हणायची, पिक्चर बरा हाय पण शेवट काय कळला न्हाई."