सगळेच ‘छान’ लिहितात, तरी माणसं का जातात?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीतला वडिलांचा मशीनिंगचा कारखाना आता मी बघते. कामगार 46. गेल्या वर्षी अंगठ्याची हजेरी आणली, जॉब कार्ड (प्रत्येक कामाच्या नोंदी) कागदावरून टॅबवर घेतली. दर शनिवारी ‘आठवडा कसा गेला?’ असं विचारणारं ॲपही सुरू केलं. जवळजवळ सगळे ‘छान’ लिहितात. तरीही वडिलांच्या वेळचे दोन टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, काम सोडून गेले. आमचं कुठे चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, आधी एवढं तपासा की ॲपमध्ये उत्तरापुढे कामगाराचं नाव दिसतं का. दिसत असेल तर ‘छान’खेरीज कोण काय लिहील? पगार तुमच्या हातात आहे.

मग हजेरीचं यंत्र बघा. मी ठाण्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर असताना असंच यंत्र बसवलं होतं. ग्राइंडिंगवरच्या एका कामगाराचा अंगठा ते घेईचना. वर्षानुवर्षं कूलंट आणि लोखंडात काम करून त्याच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. तो रोज वेळेवर येत होता आणि महिनाअखेरीला त्याचे चार दिवस कापले गेले. त्या कागदावर सही माझी होती. पैसे आम्ही नंतर परत दिले, पण त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. हे मला आजही लागतं. तुमच्याकडे यंत्राजवळ हजेरीची वही ठेवाच, आणि अंगठा लागला नाही म्हणून पगार कापायचा नाही, हे लेखी लावा.

टॅबवर रिजेक्शनची, म्हणजे माल नापास होण्याची, कारणं कोणत्या भाषेत आहेत? 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. हँडसेट सारखे बिघडत होते आणि नवं पोषण ट्रॅकर ॲप मराठीत नव्हतं. सेविका मोबाइलला बिचकत होत्या असं मुळीच नाही, आधीचं ॲप त्या वापरतच होत्या. तीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाला इंग्रजी यादीपुढे अडखळायला लावलं, तेही नव्या पोरांसमोर, तर तो भांडत नाही, हिशेब मागून काम सोडतो. टॅब शिकवायचा तो शिफ्टच्या वेळात, पगारी. सुटी झाल्यावर थांबवून नको. हजेरी किंवा ॲपसाठी त्यांच्या खिशातला मोबाइल आणि डेटाही वापरायला लावू नका.

कायद्याचंही एक आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. मालक आणि कामगार, दोन्ही बाजूंची माणसं सारखी, एकूण दहापर्यंत. तुमच्याकडे 46 जण आहेत, तेव्हा ती हवीच. पुढचं कुठलंही यंत्र किंवा ॲप ऑर्डर देण्याआधी या समितीपुढे ठेवा. आल्यानंतर पेढे वाटून सांगण्यात अर्थ नाही.

गेलेल्या दोघांना फोन करू नका, त्यांच्या घरी जा. शक्यतो वडिलांना बरोबर घ्या. काय खटकलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. ते तयार असतील तर आठवड्यातून दोन दिवस, नीट मोबदला ठरवून, पोरांना मशीनचं सेटिंग शिकवायला बोलवा. टॅबवरची कारणांची यादीही त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्या. शॉपमध्ये ज्याला जे म्हणतात, ते शब्द त्यांना ठाऊक आहेत.